पाना कुणाच्या हातात?

बाजाराच्या दिवशी पहाटे तालुक्याच्या रस्त्याला उभे राहा. जुन्या ओम्नी गाड्यांची रांग दिसेल. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, टोमॅटोचे क्रेट आणि त्यांच्या मधोमध कोंबून बसलेली माणसे. त्यातल्या काही गाड्या न बघता नुसत्या कानानेच ओळखता येतात. चढ लागला की पुढच्या सीटखालून ‘टिक टिक टिक’ असा कोरडा आवाज सुरू होतो. चालवणाऱ्याला विचारले तर तो म्हणतो, ‘टॅपेट वाजतायत, चालायचंच.’

पुष्कळदा ते टॅपेट नसतात. इंजिनाचे हेड आणि सायलेन्सरकडे धूर नेणारे मॅनिफोल्ड यांच्यामधले पॅकिंग फाटलेले असते आणि जळालेला गॅस त्या फटीतून फटकारे मारत बाहेर पडत असतो. ओळखायची खूण सोपी आहे. सकाळी थंड इंजिन चालू करताना आवाज जास्त येतो. गाडी तापली की धातू फुगतो, फट आवळली जाते आणि आवाज कमी होतो. मालकाला वाटते गाडी आपोआप सुधारली. फटीच्या तोंडाशी काळी काजळी मात्र तशीच साचत राहते.

संघटनेच्या बैठकीत गाडीच्या पॅकिंगवर कशाला बोलायचे, असे काही कार्यकर्ते विचारतील. कांद्याचा भाव, कपाशीची खरेदी, वीजबिल एवढे प्रश्न उभे असताना हे काय काढले? मला वाटते, हा विषय त्याच प्रश्नांच्या पंगतीला बसणारा आहे. का, ते सांगतो. पण आधी जिवाचे बोलू, हिशेबाचे मागून.

ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटच्या खाली असते. बॉनेटच्या गाडीत पॅकिंग फुटले तर निदान मध्ये एक पत्र्याची भिंत असते. ओम्नीत गॅस जिथून सुटतो तिथून चालवणाऱ्याच्या मांडीपर्यंत वीतभर अंतर, आणि मध्ये एक झाकण. त्या झाकणाचे रबर कधीच वाळून तुटलेले असते. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो साधारण हवेइतकाच हलका-जड, त्यामुळे खाली बसून राहत नाही, गाडीभर पसरतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. म्हणजे छाती भरून श्वास चालू असतो आणि अंगाला प्राणवायू मिळत नाही. सुरुवातीला डोके जड होते, मळमळते, चक्कर येते, झापड येते.

आता आठवून पाहा. ‘आमच्या पोराला गाडी लागते’, ‘आईला ओम्नीत बसवलं की तिचं डोकं धरतं’ अशी वाक्ये किती घरांत ऐकली आहेत? गाडी लागणे हा खरा प्रकार आहे, नाही असे नाही. पण ज्या पोराला एसटीत काही होत नाही आणि घरच्या ओम्नीत दहा मैलांत उलटी होते, त्याला लिमलेटची गोळी देण्याआधी सीट उचलून मॅनिफोल्ड बघावे. ज्या ओम्नीत सकाळी दहा-बारा पोरे शाळेला जातात आणि थंडीमुळे काचा वर असतात, त्या गाडीच्या बाबतीत तर मी म्हणेन, पॅकिंग बदलेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये. डिझेलच्या गाडीत कार्बन मोनॉक्साइड पुष्कळ कमी असतो, म्हणून जीपवाल्यांनी निर्धास्त व्हायचे कारण नाही. डिझेलचा धूर कॅन्सरला कारण होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले आहे.

पॅकिंग फाटते का, हेही समजून घेतले पाहिजे, कारण दुरुस्ती कशी करायची ते त्यातच आहे. मॅनिफोल्ड बहुधा बिडाचे असते. हेडमध्ये पाणी फिरते, त्यामुळे ते ९० अंशांच्या आसपास राहते. त्याला खेटून बसलेले मॅनिफोल्ड मात्र कितीतरी जास्त तापते. फूटभर लांबीचे बीड ५०० अंशांनी तापले तर दीड मिलिमीटरहून जास्त लांबते. गार झाले की पुन्हा तेवढेच आखडते. दर फेरीला हा सरकण्याचा खेळ पॅकिंगच्या अंगावर होतो. वर्षानुवर्षे रगडून पॅकिंग झिजते, स्टडवरचा नट ढिला पडतो, एका तोंडाला केसाएवढी फट पडते आणि तिथून गरम गॅस सुटला की तो पॅकिंगची कडा जाळत जातो. वेळेवर पाहिले तर फक्त पॅकिंग बदलावे लागते. दोन वर्षे तसेच चालवले तर मॅनिफोल्डचे तोंडही खाल्ले जाते.

खर्चाचेही ऐका. पुढच्या काळातल्या, कार्ब्युरेटर नसलेल्या गाड्यांत धुराच्या नळीवर ऑक्सिजन सेन्सर असतो. पॅकिंगच्या फटीतून गॅस बाहेर जातो तशी दोन फटकाऱ्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आतही ओढली जाते. सेन्सरला वाटते, इंजिनाला पेट्रोल कमी पडते आहे. तो तसे कळवतो आणि इंजिनात जास्त पेट्रोल सोडले जाते. मायलेज उतरते. मालक पेट्रोल पंपावाल्याला शिव्या घालतो, एअर फिल्टर बदलतो, प्लग बदलतो. दोष असतो त्या कागदाएवढ्या फटीत.

आता दुरुस्ती. ही कामे अंगणात होणारी आहेत. इंजिन उघडावे लागत नाही, टायमिंग हलत नाही. लागतात ते पाने, संयम आणि एक रात्र. रात्र कशासाठी? गंज सोडवणारे तेल सर्व नटांवर आदल्या संध्याकाळी सोडायचे आणि सकाळी पुन्हा. जे ‘आत्ताच्या आत्ता’ काम उरकायला बसतात तेच स्टड मोडतात. इंजिन पूर्ण गार पाहिजे. बॅटरीची अर्थची वायर काढलेली पाहिजे. गाडीखाली जायचे असेल तर घोडी किंवा लाकडी ठोकळे लावूनच जायचे. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली झोपणारा माणूस शूर नसतो. गॅस किटच्या गाडीत सिलिंडरचा कॉक आधी बंद करावा आणि पेट्रोलच्या नळीजवळ टॉर्चची ज्योत चालवू नये. नट तापवायचाच असेल तर ते काम गॅरेजवाल्याचे.

आधी पत्र्याचे झाकण, मग खालच्या नळीचे नट, मग मॅनिफोल्डचे. सोडताना कडेचे नट आधी, मधले शेवटी. नट हलत नसेल तर जोर वाढवू नये. थोडा सोडायचा, थोडा आवळायचा, पुन्हा तेल, पुन्हा सोडायचा, असे मागेपुढे करत आणावा. सहा कोनांचा गोटी पाना घ्यावा, उघड्या तोंडाचा नको. एकदा नटाचे कोपरे घासून तो गोल झाला की मग छिन्नी-हातोडा येतो आणि काम दिवसाचे आठवड्यावर जाते.

मॅनिफोल्ड निघाले की हेडच्या तोंडांत स्वच्छ चिंध्या कोंबाव्यात, नाहीतर खरवडलेला कचरा आत जातो. काम झाल्यावर त्या चिंध्या मोजून बाहेर काढाव्यात. जुने पॅकिंग खरवडताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. जुन्या गाड्यांच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस वापरले जाई. त्याची भुकटी फुफ्फुसात गेली तर पुढे अनेक वर्षांनी रोग काढते. म्हणून जुने पॅकिंग पाण्याने भिजवून, ओले असतानाच हळूहळू खरवडावे. कोरडे घासू नये, ग्राइंडरला ब्रश लावून उडवू नये, तोंडाने फुंकू नये. निघालेले तुकडे ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत बांधावेत आणि पोरांच्या हाताला लागू देऊ नयेत. हेड ॲल्युमिनियमचे असेल तर लोखंडी पाते जपून. त्यावर पडलेला ओरखडा ही पुढच्या गळतीची वाट असते.

यानंतरची पायरी आपले लोक हमखास वगळतात आणि म्हणून महिनाभरात ‘नवं पॅकिंगसुद्धा डुप्लिकेट निघालं’ म्हणतात. मॅनिफोल्डच्या तोंडांवर सरळ पोलादी पट्टी आडवी ठेवून खालून उजेड बघायचा. तापून-गारठून मॅनिफोल्ड वाकते. फीलर गेजची ०.१ मिलिमीटरची पात, म्हणजे साधारण वहीच्या कागदाच्या जाडीची, जर पट्टीखाली सहज शिरत असेल तर नव्या पॅकिंगचा उपयोग नाही. ते मॅनिफोल्ड लेथवाल्याकडे नेऊन सपाट करून घ्यावे. त्याच फेरीत बिडाला कुठे चीर आहे का तेही पाहावे. फीलर गेज नसले तर कागदच घालून बघा, अंदाज येतो.

नवे पॅकिंग लावताना त्याला ग्रीस, वॉर्निश, एम-सील, सिमेंट काहीही लावायचे नाही. दुकानात मिळणारे साधे सिलिकॉन तर मुळीच नाही. ते त्या उष्णतेत जळते आणि त्याची वाफ सेन्सर निकामी करते. पॅकिंग कोरडे बसते. जुने पॅकिंग ‘चांगलं दिसतंय’ म्हणून परत लावायचे नाही. ते एकदाच दबते. आटे गेलेले स्टड आणि नट नवे घ्यावेत.

आवळताना उलटा क्रम. मधले नट आधी, मग दोन्ही बाजूंना कडेकडे जायचे. आणि एका दमात नाही, तीन फेऱ्यांत. किती आवळायचे याचा आकडा त्या गाडीच्या पुस्तकात असतो आणि तोच पाळायचा. अंदाज यावा म्हणून सांगतो. ८ मिलिमीटरच्या स्टडला हा आकडा साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर असतो. २० म्हणजे काय? २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १० किलोचे वजन टांगले तर जेवढा जोर लागेल, तेवढा. आपला शेतकरी बैलाचा कासरा ओढायच्या जोराने पाना ओढतो आणि वर त्या पान्याला पाइप लावतो! नट घट्ट बसला असे त्याला वाटते. प्रत्यक्षात स्टड ताणून निकामी झालेला असतो किंवा मॅनिफोल्डचा कान वाकलेला असतो.

सर्व जोडल्यावर गाडी चालू करून, इंजिन गार असतानाच जोडावर साबणाचे पाणी सोडावे. फुगे आले तर गळती आहे. एकाने सायलेन्सरच्या टोकाला जाड ओले कापड काही सेकंद दाबून धरले तर आतला दाब वाढतो आणि बारीक गळतीही बोलते. पहिल्या पाच-दहा मिनिटांत थोडा धूर येतो, तो सांडलेल्या तेलाचा; घाबरू नये, पण हे सर्व उघड्यावर करावे, बंद पडवीत नाही. एकदा तापून गार झाल्यावर पुस्तकात सांगितले असेल तर नट पुन्हा तपासावेत.

एवढेच काम. पॅकिंगची किंमत काही शे रुपयांच्या आत. मग याच कामासाठी तालुक्याच्या गावी शेतकऱ्याला हजारोंचे बिल का येते? एका कार्यकर्त्याच्या गाडीचे बिल मी पाहिले आहे. नाव मी घेत नाही, कारण प्रश्न त्या एका दुकानाचा नाही. पॅकिंग फाटले होते, आणि त्याला सांगण्यात आले की पॅकिंग सुटे मिळत नाही, पूर्ण मॅनिफोल्डच घ्यावे लागेल. त्याने घेतले. काय करणार? दुसऱ्या दिवशी बाजार होता.

ही चाल शेतकऱ्याला नवी नाही. युरियाच्या दोन गोण्या पाहिजेत तर सोबत ही बाटली घ्या, हे पाकीट घ्या, असे जे खताच्या दुकानात चालते त्याला आपण लिंकिंग म्हणतो आणि त्याविरुद्ध ओरडतो. पॅकिंगसाठी मॅनिफोल्ड घ्यायला लावणे हे लिंकिंगच आहे. ‘बाहेर पाना लावलात तर वॉरंटी संपली’ हेही लिंकिंगच.

यावर या देशात निकाल झालेला आहे, आणि तो आपल्या लोकांना माहीत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. मोटार कंपन्या सुटे भाग आणि दोष शोधण्याची यंत्रे बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत, अशी तक्रार शमशेर कटारिया यांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे केली होती. आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना दोषी धरले आणि मिळून २५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. कंपन्या दंडाविरुद्ध वर गेल्या, ते आपल्याकडे होतेच. पण दंडापेक्षा आयोगाने सांगितलेले तत्त्व महत्त्वाचे आहे. सुटे भाग खुल्या बाजारात मिळाले पाहिजेत. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या दुरुस्तीने जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. मोटार घेणाऱ्या शहरी ग्राहकाने ही लढाई लढली. ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याने काय केले?

अमेरिकेतला शेतकरी आपल्या पुढे गेला आहे, कारण त्याचा जाच पुढे गेला आहे. तिथल्या नव्या ट्रॅक्टरात आणि कापणी यंत्रात संगणक बसले. भाग बदलला तरी कंपनीच्या माणसाने येऊन लॅपटॉप जोडल्याशिवाय यंत्र चालू होईना. पीक शेतात उभे, आणि यंत्र कुलूपबंद. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या फार्म ब्युरोने जॉन डिअर कंपनीशी दुरुस्तीच्या माहितीबाबत करार केला. करारावर भरवसा नसलेल्यांनी कायदा मागितला, आणि कोलोरॅडो राज्याने त्याच वर्षी शेती यंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा केला. तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने त्याच कंपनीवर दुरुस्तीच्या मक्तेदारीबद्दल खटला भरला.

आपल्याकडे २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने चार क्षेत्रे धरली, त्यात शेती अवजारे आहेत आणि मोटारीही आहेत. त्याच वर्षी डिसेंबरात एक पोर्टल उघडले. कायदा मात्र आणला नाही. मग २०२५ च्या मे महिन्यात दुसऱ्या एका समितीचा अहवाल आला की वस्तू दुरुस्त करायला किती सोपी याचा गुणांक ठरवावा. त्याची सुरुवात कशापासून? मोबाइल फोन आणि टॅबलेटपासून. कागदावर शेती अवजारे पहिल्या पंगतीत आणि वाढताना मागच्या, हा अनुभव आपल्याला नवा आहे का?

आता आपल्याच मांडवातल्या दोन आक्षेपांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप जुन्या कार्यकर्त्यांचा आहे आणि तो मला गंभीर वाटतो. ते म्हणतात, आपण खुल्या बाजाराचे लोक. सरकारने कंपनीला काय विकावे, कसे विकावे हे सांगायला लागले की परमिटराज मागच्या दाराने परत येते. आज दुरुस्तीचा कायदा मागाल, उद्या तोच इन्स्पेक्टर तुमच्या गोठ्यात येईल. मी याचा विचार केला आहे. खुला बाजार म्हणजे काय? वस्तू विकली की ती घेणाऱ्याची झाली. विकल्यानंतरही विकणाऱ्याचा हात वस्तूवर राहत असेल, तिचे झाकण कुणी उघडायचे ते तोच ठरवत असेल, तर ती विक्री नव्हे, ती भाडेपट्टी झाली. फक्त किंमत विक्रीची घेतली. शरद जोशींनी बाजार स्वातंत्र्य आणि तंत्रज्ञान स्वातंत्र्य या दोन मागण्या जोडीने मांडल्या होत्या. शेतकरी संघटनेने २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात तणनाशक सहन करणारी कपाशी उघडपणे पेरून सत्याग्रह केला, तो ‘कोणते बियाणे लावायचे ते मी ठरवीन’ यासाठी. तिथे आड सरकार आले होते. इथे आड कंपनी येते आहे. ‘माझ्या पैशाने घेतलेल्या यंत्राला कुणाचा पाना लागेल ते मी ठरवीन’ हे त्याच मागणीचे दुसरे टोक आहे. मी इन्स्पेक्टर मागत नाही. कंपनीने भाग विकावा, आकडे छापावेत आणि आडवे येऊ नये, एवढेच मागतो.

दुसरा आक्षेप तरुणांचा. ते म्हणतात, साहेब, दिवसाची मजुरी काय झाली आहे ते बघा. एक दिवस पॅकिंगमध्ये घालवायचा, त्यापेक्षा फिटरला पैसे देऊन आपण रानात गेलेले परवडते. खरे आहे. ज्याची डाळिंबाची छाटणी चालू आहे त्याने सीटखाली डोके घालू नये, फिटरकडे गाडी टाकावी. ‘स्वतःच करा’ हा माझा धर्म नाही. घरची मेहनत फुकट धरायची सवय लावूनच आपल्याला लुटले गेले. उत्पादन खर्चाच्या भांडणात आपण तेच सांगत आलो. पण गावातल्या ज्या फिटरकडे तुम्ही जाणार त्यालाही सुटे पॅकिंग आणि आवळण्याचा आकडा मिळाला पाहिजे की नाही? तो हक्क तुमचा आहे म्हणूनच त्याचा आहे. आणि काम येत असून दुसऱ्याला देणे वेगळे, काम येत नाही म्हणून सांगेल ते बिल भरणे वेगळे. पॅकिंग कसे फाटते हे ज्याला माहीत आहे त्याला पूर्ण मॅनिफोल्ड सहजासहजी विकता येत नाही.

हिशेबाचीच गोष्ट निघाली म्हणून. पिकाच्या उत्पादन खर्चात अवजारांचा घसारा धरतात, बरोबर धरतात की चूक हे वेगळे भांडण. पण पहाटे चार वाजता भाजी घेऊन निघालेली ही ओम्नी कुणाच्या तक्त्यात येते? तिचे पेट्रोल, तिचे टायर, तिचे पॅकिंग हे सगळे शेतकऱ्याच्या खिशातून गुपचूप जाते आणि भाव ठरवणाऱ्याच्या कागदावर उमटत नाही. ओम्नीचे उत्पादन कंपनीने २०१९ साली बंद केले. म्हणजे रस्त्यावर आहेत त्या सगळ्या गाड्या दिवसेंदिवस म्हाताऱ्या होत जाणार, आणि त्या चालवणारे लोक नवी गाडी घेणारे नाहीत.

जुगाडाबद्दलही एकदा बोललेच पाहिजे. शहरातले लेखक शेतकऱ्याच्या जुगाडाचे फार कौतुक करतात. डब्याचा पत्रा कापून पॅकिंग केले, सुतळी गुंडाळली, एम-सील लावले, वा काय डोके! मला त्या कौतुकाचा वीट आला आहे. पत्र्याचे पॅकिंग आठवडाभर टिकते आणि त्यानंतर गॅस पुन्हा पोरांच्या नाकात जातो. जुगाड ही नाइलाजाची कला आहे. योग्य भाग, योग्य पाना आणि खरा आकडा हातात असताना शेतकरी कुठल्याही फिटरइतके नीट काम करतो. पीक संरक्षणाच्या पंपाचे नोझल तो डोळे मिटून बदलतो. कृषी महाविद्यालयात आम्हाला इंजिनाचे भाग फळ्यावर शिकवले, आकृती काढायला लावली, गुण दिले. पाना हातात दिला नाही. त्या आकृत्यांवर पदवी घेतलेले आम्ही पुढे शेतकऱ्याला ‘यंत्राची निगा कशी राखावी’ यावर भाषणे द्यायला निघालो.

नव्या गाड्यांचे चित्र थोडे वेगळे आहे, ते लपवत नाही. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांत धूर साफ करणारे यंत्र पुष्कळदा मॅनिफोल्डला लागूनच बसवलेले असते, सेन्सर जास्त, वायरी जास्त. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांनाही १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले. हे नियम वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. धूर आपल्याच छातीत जातो. पण धुराच्या नियमाआड लपून झाकणाला कुलूप घालायचा धंदा सुरू होऊ शकतो, आणि अमेरिकेत झाले ते पाहता आपल्याकडे तो होणारच नाही असे मानायला मी तयार नाही. आपल्या बहुतेक शेतकऱ्यांकडे लहान ट्रॅक्टर आणि जुन्या गाड्या आहेत, म्हणजे अजून वेळ आपल्या हातात आहे.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे काही सूचना ठेवतो. ठरावात घ्यायच्या की नाही ते बैठकीने ठरवावे. एक, ट्रॅक्टर आणि मोटार कंपन्यांनी दुरुस्तीचे पुस्तक मराठीत, नट आवळण्याच्या आकड्यांसह आणि सुट्या भागांच्या छापील किमतींसह, प्रत्येक विक्रेत्याकडे उघड्यावर ठेवावे, अशी मागणी ग्राहक खात्याकडे आणि कंपन्यांकडे लेखी पाठवावी. त्या पत्रात २०१४ च्या निकालाचा उल्लेख असावा. दोन, सुटा भाग नाकारून पूर्ण जोड विकल्याची बिले कार्यकर्त्यांनी गोळा करावीत. बिलावर भागाचे नाव आणि तारीख असली पाहिजे. नुसत्या तक्रारीला कुणी विचारत नाही. तीन, आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा कोर्स केलेली आपल्याच गावातली पोरे पुण्या-चाकणला कामाच्या शोधात जातात. प्रत्येक तालुक्यात अशा एका-दोघांना धरून अर्ध्या दिवसाचे प्रात्यक्षिक घ्यावे. त्यात बायकांनाही बोलवावे, कारण गाडीत मागे पोरे घेऊन त्या बसतात आणि डोके कधी धरते ते त्यांनाच माहीत असते.

चौथी सूचना खर्चाची आहे. टॉर्क पाना, फीलर गेज, सरळ पट्टी आणि मोडलेला स्टड काढायचे हत्यार एवढे एका पेटीत घालून तालुका शाखेने ठेवावे. एकट्या शेतकऱ्याला ते परवडत नाही आणि वर्षातून एकदाच लागते. पेटी कुणी नेली त्याची वही ठेवावी. टॉर्क पाना परत आल्यावर त्याचा आकडा सर्वात खालच्या खुणेवर फिरवून मगच पेटीत ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग ताणून राहते आणि पुढच्या माणसाला चुकीचा आकडा दाखवते. त्या पान्याने नट सोडायचे काम करायचे नाही, ते आवळण्यासाठीच आहे. ही सूचना मोठ्या अक्षरात लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावी.